एक मराठी क्रियापद, चार इंग्रजी क्रियापदं: नेमकं कुठलं वापरायचं?

संध्याकाळच्या वर्गात एका मुलाने वहीत वाक्य लिहून दाखवलं: 'प्लीज रिमेंबर मी टुमारो.' तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि हा निरोप मालकांना पाठवणार होता. त्याला म्हणायचं होतं, 'उद्या मला आठवण करा.' वाचणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ 'उद्या माझी आठवण काढा' असा लागला असता. स्पेलिंग बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर, फक्त क्रियापद शेजारचं. तिथे 'रिमाइंड' हवं होतं.

मी त्याला विचारलं, 'मराठीत आठवण या शब्दाबरोबर काय काय म्हणतोस, सांग.' त्याने बोटांवर मोजलं: आठवण ठेवणं, आठवण करून देणं, आठवण येणं, आठवण काढणं. मग आम्ही एकेकासमोर इंग्रजी शब्द लिहिला. ठेवण्याला 'रिमेंबर', करून देण्याला 'रिमाइंड', माणसाची आठवण येण्याला 'मिस'. पाच मिनिटांत त्याचा गोंधळ संपला, कारण फरक त्याला आधीपासून माहीत होता. तो मराठीत होता.

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना हा अनुभव मला वारंवार येतो. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. त्याआधीच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. दोन्ही पिढ्या या जोड्यांमध्ये सारख्याच चुकतात, म्हणजे शिकण्याची वर्षं वाढवून हे सुटत नाही. 'सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजे पाहणे' अशी यादी पाठ करून तर मुळीच नाही. आपण रोज बोलतो ती मराठी थोडी बारकाईने ऐकली, तर बहुतेक जोड्या तिच्याच मदतीने सुटतात. जिथे सुटत नाहीत, त्या जागाही मी सांगणार आहे.

आधी वही आखा

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक मराठी क्रियापद लिहा: बघणं, सांगणं, करणं, देणं, लावणं. इंग्रजी शब्द वर लिहू नका. बोलताना आपल्या मनात आधी मराठी शब्द येतो, तेव्हा शोधही तिथूनच सुरू व्हायला हवा.

त्याखाली त्या क्रियापदाची आपल्या घरातली, कामावरची सात-आठ वाक्यं मराठीत लिहा. मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. हे मी करते आहे की आपोआप घडतं आहे? क्रियेला 'काय?' विचारलं तर उत्तर मिळतं का? वस्तू किंवा बोलणं कोणाकडून कोणाकडे जातं आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच उजव्या बाजूला इंग्रजी क्रियापद लिहायचं.

दिसणं, बघणं, ऐकू येणं

माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण इथे मराठीइतकी स्पष्ट मदत दुसरीकडे कुठे मिळत नाही.

'मला डोंगर दिसतो' आणि 'मी डोंगराकडे बघते' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात मी काही करत नाही. डोळे उघडे आहेत, डोंगर समोर आहे. म्हणून मराठी 'मी' न म्हणता 'मला' म्हणते. हे 'सी'. दुसऱ्यात मी नजर वळवते. हे 'लुक'. आणि 'डोंगराकडे' मधल्या 'कडे'ची जागा इंग्रजीत 'ॲट' घेतो. वाक्यात 'कडे' बसत असेल तर 'लुक ॲट' म्हणा: फळ्याकडे बघ, 'लुक ॲट द बोर्ड'. 'ॲट' गाळून 'लुक द बोर्ड' म्हणणं म्हणजे मराठीत 'फळ्याकडे नजर वळव' ऐवजी 'फळा नजर वळव' म्हणण्यासारखं तुटक होतं.

'वॉच' म्हणजे लक्ष ठेवून बघत राहणं. समोरची गोष्ट हलते आहे, बदलते आहे किंवा बदलू शकते. क्रिकेटचा सामना, मालिका, रांगणारं बाळ. गॅसवर दूध ठेवून आई म्हणते, 'दुधाकडे बघ गं जरा,' तेव्हा ती 'वॉच द मिल्क' म्हणत असते; नुसतं 'लुक ॲट द मिल्क' म्हटलं, तर एकदा वळून बघितलं की काम संपलं, आणि दूध उतू गेलं. भिंतीवरचा फोटो मात्र हलत नाही, म्हणून तो 'वॉच' करत नाहीत.

तिन्ही एका वाक्यात हवी असतील तर गॅलरीत उभ्या राहा. 'मी खाली बघितलं, मुलं खेळताना दिसली, आणि दहा मिनिटं त्यांचा खेळ बघत राहिले.' इंग्रजीत: 'आय लुक्ट डाउन, सॉ द चिल्ड्रन प्लेइंग, अँड वॉच्ट देम फॉर टेन मिनिट्स.' हे वाक्य पाठच करा. नजर वळवली, दिसलं, बघत राहिले.

'मला दिसतंय' चं भाषांतर करताना बरेच जण 'आय ॲम सीइंग' म्हणतात. दिसणं, ऐकू येणं अशा आपोआप होणाऱ्या जाणिवांना इंग्रजी सहसा 'इंग' लावत नाही. 'आय कॅन सी' म्हणा. 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमारो' हे बरोबर आहे, पण तिथे अर्थ भेटण्याचा आहे.

आणि एक अपवाद, जो मी कधीच सोडत नाही. 'तू दमलेली दिसतेस.' इथे 'दिसणं' आहे, पण 'मला' नाही, विशेषण आहे. मग इंग्रजीत 'लुक' येतो, तोही 'ॲट' शिवाय: 'यू लुक टायर्ड.' 'मला दिसतं' असेल तर 'सी', 'अमुक अशी दिसते' असेल तर 'लुक'.

'वाट बघणं' आणि 'करून बघणं' यांत डोळ्यांचं काहीच काम नाही. पहिल्याला 'वेट फॉर', दुसऱ्याला 'ट्राय'.

कानांचं गणित याच धर्तीवर आहे. ऐकू येणं म्हणजे 'हिअर', लक्ष देऊन ऐकणं म्हणजे 'लिसन', आणि त्यामागे 'टु' हवाच. 'लिसन' मध्ये टी लिहितात, उच्चारत नाहीत. फोनवर 'आवाज येतोय का?' याला 'कॅन यू हिअर मी?' म्हणतात, 'आर यू लिसनिंग टु मी?' म्हटलं तर 'माझ्या बोलण्याकडे लक्ष आहे का?' असं विचारल्यासारखं होतं, आणि साहेबांना ते नक्कीच आवडणार नाही. एका जागी मराठी फसवते: 'तिची बदली झाल्याचं ऐकलं.' इथे आपण 'ऐकलं' म्हणतो, पण बातमी आपोआप आली आहे. अशा वेळी 'कानावर आलं' असं म्हणून पाहा. बसलं तर 'हर्ड'.

म्हणणं, सांगणं, बोलणं

'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' यांना पुस्तकं एकाच ओळीत बसवतात. मराठीत आपण त्यांची तीन घरं आधीच केली आहेत. म्हणणं म्हणजे 'से': शब्द महत्त्वाचे. सांगणं म्हणजे 'टेल': कोणाला तरी माहिती किंवा हुकूम पोहोचला पाहिजे. बोलणं म्हणजे 'स्पीक' किंवा 'टॉक'.

निवड जमते, पण पुढचा शब्द चुकतो. 'तो मला म्हणाला', 'त्याने मला सांगितलं', दोन्हीकडे 'मला'. म्हणून 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड टु मी' या दोन्ही चुका सारख्याच ऐकू येतात. इथे मराठीची मदत मिळत नाही, हे मान्य करून पाठांतर करायचं. 'टेल' ला माणूस थेट चिकटतो: 'ही टोल्ड मी.' 'से' ला माणूस जोडायचा तर मध्ये 'टु' लागतो: 'ही सेड टु मी.' माणूस सांगायचाच नसेल तर 'से' एकटं पुरेसं आहे: 'ही सेड दॅट द बस वॉज लेट.' तिथे 'ही टोल्ड दॅट' चालत नाही, कारण 'टेल' ला ऐकणारा हवा.

हुकूम किंवा सूचना असेल तर मराठीचा साचा पुन्हा कामी येतो. 'त्याने मला थांबायला सांगितलं.' थांबायला म्हणजे 'टु वेट'. 'ही टोल्ड मी टु वेट.' शब्दाला शब्द जुळतो.

'ला' चा हा गोंधळ 'से-टेल' पुरता नाही, म्हणून त्याच पानावर आणखी पाच क्रियापदं लिहून ठेवा. 'आस्क' ला माणूस थेट लागतो: 'आय आस्क्ट हिम', मध्ये 'टु' नाही. 'एक्स्प्लेन' ला 'टु' लागतोच: 'शी एक्स्प्लेन्ड इट टु मी.' 'एक्स्प्लेन मी' ही आपल्याकडची सर्वांत हट्टी चूक आहे, कारण 'मला समजावून सांग' मध्ये 'मला' इतका पुढे बसलेला असतो. 'डिस्कस' च्या मागे 'अबाउट' नको: आपण 'विषयी चर्चा' म्हणतो, इंग्रजी तो 'विषयी' क्रियापदातच धरते. 'आन्सर' थेट, 'रिप्लाय' ला 'टु'.

काही शब्दांचे जोडीदार ठरलेले आहेत: खरं, खोटं, गोष्ट, विनोद यांच्याबरोबर 'टेल'. पाटीवर, पत्रात, घड्याळात काय लिहिलं आहे हे विचारताना 'से': 'व्हॉट डझ द साइन से?' भाषेबरोबर नेहमी 'स्पीक': 'शी स्पीक्स कोंकणी.' भाषण, सभा, फोनवर औपचारिक विचारणा, इथेही 'स्पीक' शोभतं. गप्पांना 'टॉक'. बाकी ठिकाणी या दोघांत फारसं अडत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

एक उच्चार मात्र नीट करा. 'से' ला एस लागला की 'सेइझ' होत नाही, आखूड 'सेझ' होतं. भूतकाळही 'सेड' आहे, 'सेइड' नाही.

पडणं आणि पाडणं

एका परिचारिकेला परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची होती. सरावात मी रुग्ण झाले, ती परिचारिका. ती म्हणाली, 'प्लीज ले डाउन. नाउ राइझ युवर राइट आर्म.' मी थांबवलं. तिला वाटलं उच्चार चुकला. चुकली होती दोन्ही क्रियापदं.

मी तिला मराठीत विचारलं, 'रुग्णाला काय सांगतेस? आडवे व्हा की आडवं ठेवा?' 'आडवे व्हा.' 'मग लाय. आणि हात वर हो म्हणतेस की वर कर?' 'वर करा.' 'मग रेझ.' तिने बरोबर वाक्य म्हटलं, 'प्लीज लाय डाउन. नाउ रेझ युवर राइट आर्म,' आणि वहीत लिहून घेतलं: आडवं होणं, लाय, आडवं ठेवणं, ले, वर होणं, राइझ, वर करणं, रेझ. त्या वहीतलं तेवढं पान तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, फुटणं-फोडणं. पहिलं आपोआप घडतं, दुसरं कोणीतरी घडवतं, आणि बदलतो तो बहुतेक मधला स्वर. इंग्रजीतल्या 'राइझ-रेझ', 'लाय-ले', 'सिट-सेट', 'फॉल-फेल' या त्याच जातीच्या जोड्या आहेत. हा योगायोग नाही. दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळातल्या आहेत आणि ही रचना त्या कुळाकडून आलेली आहे. संस्कृतात बसणं म्हणजे सीदति आणि बसवणं म्हणजे सादयति. 'उपनिषद' शब्दातला सद् तोच. इंग्रजीतली 'सिट' आणि 'सेट' त्याच धातूची दूरची भावंडं आहेत. झाड पडतं तेव्हा 'फॉल', लाकूडतोडे झाड पाडतात तेव्हा 'फेल'. वर्गात हे सांगितलं की बाकीच्या जोड्या मुलं स्वतःहून शोधायला लागतात.

इंग्रजीने बाकीच्या बऱ्याच जोड्या एकाच शब्दात मिटवल्या. काच फुटली आणि काच फोडली, दोन्हीला 'ब्रेक'. दार उघडलं आणि मी दार उघडलं, दोन्हीला 'ओपन'. म्हणून उरलेल्या दोन-तीनच जोड्या नीट सांभाळायच्या आहेत.

कसोटी 'काय?' या प्रश्नाची. 'किमती वाढल्या': इथे कोणी काय वाढवलं ते वाक्यात नाही, म्हणून 'प्राइसेस रोझ'. 'दुकानदाराने किमती वाढवल्या': काय वाढवलं? किमती. म्हणून 'रेझ्ड'. मुलं वाढवणं, प्रश्न उपस्थित करणं, आवाज चढवणं, सगळीकडे 'काय?' ला उत्तर आहे, सगळीकडे 'रेझ'. सूर्य, भाव, पाण्याची पातळी स्वतः वर येतात, त्यांना 'राइझ'.

रूपं पाठ करण्याला पर्याय नाही. राइझ, रोझ, रिझन. रेझ, रेझ्ड, रेझ्ड. लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. 'आडवं होणं' चा भूतकाळ 'ले' आणि 'आडवं ठेवणं' चा वर्तमानकाळही 'ले', त्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना इथे घसरतात. शिवाय खोटं बोलणारा 'लाय' वेगळाच: लाय, लाइड, लाइड. रोज सकाळी पाच वेळा मोठ्याने म्हणा. लिहिण्यापेक्षा तोंडात बसणं महत्त्वाचं.

देणं-घेणं, आणणं-नेणं, येणं-जाणं

'लेंड' म्हणजे उसनं देणं, 'बॉरो' म्हणजे उसनं घेणं. एकच पेन मागायची दोन बरोबर वाक्यं आहेत: 'कॅन यू लेंड मी अ पेन?' आणि 'कॅन आय बॉरो अ पेन?' 'यू' पासून सुरू केलं तर तो देणार, म्हणून 'लेंड'. 'आय' पासून सुरू केलं तर मी घेणार, म्हणून 'बॉरो'. तोंडातून पहिला शब्द निघाला की दुसरा ठरलाच. मात्र हा शब्द परत करण्याच्या वस्तूंसाठी आहे. परत नेता न येणारी, जागेवरच वापरायची गोष्ट, म्हणजे स्वच्छतागृह किंवा भिंतीवरचा प्लग, यांना 'यूझ' म्हणतात.

आणणं 'ब्रिंग', नेणं 'टेक'. इथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. 'येताना कोथिंबीर आण,' 'आजीला डॉक्टरकडे ने.' जाऊन घेऊन येण्याला 'फेच' किंवा 'गो अँड गेट'.

खरी अडचण 'येणं' ची आहे. घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतो, कारण परत यायचं असतं. ती आपली रीत आहे, आणि ती मला फार आवडते. पण ऑफिसातून निघताना 'आय ॲम कमिंग' म्हटलं, तर ऐकणारा तुम्ही त्याच्याकडे येताय असं समजून थांबेल. 'आय ॲम लीव्हिंग' किंवा 'सी यू टुमारो' म्हणा. उलट, कोणी हाक मारल्यावर आपण बसल्या जागेवरून 'आले!' म्हणतो, भूतकाळात. इंग्रजीत तिथे 'आय केम' नाही, 'कमिंग!' किंवा 'आय ॲम कमिंग'.

करणं

'डू' आणि 'मेक' साठी एक नियम अर्ध्या रस्त्यापर्यंत नेतो. क्रिया संपल्यावर आधी नसलेली गोष्ट तयार झाली का? झाली तर 'मेक'. संध्याकाळच्या स्वयंपाकघरात बघा: चहा केला, पोळ्या केल्या, कोशिंबीर केली, हे सगळं 'मेक'. मग भांडी केली, हिशेब केला, मुलाने गृहपाठ केला, हे 'डू'. भांडी आधीच होती, ती फक्त घासली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींनाही हे पुष्कळदा लागू पडतं: चूक, निर्णय, आवाज, वचन, फोन, मैत्री, पैसे, या सगळ्यांबरोबर 'मेक'. व्यायाम, काम, उपकार, मनापासून प्रयत्न, यांच्याबरोबर 'डू': 'आय डिड माय बेस्ट.'

पुढचा अर्धा रस्ता पाठांतराचा आहे, कारण मराठी 'करणं' इतकं मोठं आहे की इंग्रजीत त्याचे तुकडे होतात. अंघोळ करणं 'टेक' किंवा 'हॅव अ बाथ'. नाश्ता करणं 'हॅव ब्रेकफास्ट'. लग्न करणं 'गेट मॅरीड'. आणि कोणाशी हे सांगताना 'शी मॅरीड हिम', मध्ये 'विथ' नको, जरी आपण 'त्याच्याशी' म्हणत असलो तरी. चौकशी करणं 'आस्क', मदत करणं नुसतं 'हेल्प'.

याच पानावर 'परीक्षा देणं' लिहून ठेवा. आपल्याकडे 'गेव्ह द एक्झाम' सर्रास चालतं. भारताबाहेरचा वाचक त्यावरून तुम्ही परीक्षक होतात असं समजू शकतो. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. अर्ज लिहिताना, मुलाखतीत, हे जपा.

घालणं आणि लावणं

'ती साडी नेसते आहे' आणि 'ती साडी नेसली आहे.' पहिलीत निऱ्या अजून हातात आहेत. दुसरीत ती तयार होऊन बसली आहे. इंग्रजीत 'पुट ऑन' म्हणजे अंगावर चढवण्याची क्रिया आणि 'वेअर' म्हणजे अंगावर असणं. म्हणून 'नेसली आहे' ला 'शी इज वेअरिंग अ सारी' म्हणतात. मराठीत क्रिया पूर्ण, इंग्रजीत चालू. 'शी हॅज वोर्न' हे त्यामुळेच चुकतं. चष्मा, घड्याळ, चप्पल, टोपी, मराठीत आपण घालतो, बांधतो, लावतो. इंग्रजीत सगळ्यांना 'वेअर'.

'लावणं' च्या पानाला मी नेहमी दोन पानं राखून ठेवायला सांगते. ट्यूबलाइट लावणं 'टर्न ऑन'. देवापुढे निरांजन लावणं 'लाइट'. दार लावणं 'क्लोझ', कुलूप लावणं 'लॉक'. गजर लावणं 'सेट'. तुळस लावणं 'प्लांट'. मलम लावणं 'अप्लाय'. पाकिटाला तिकीट लावणं 'स्टिक'. उशीर लावला, वेळ लावला, तिथे 'टेक'. तेवढ्यावर थांबा, रोजच्या वापरातलं एवढंच पुरेसं आहे. विरुद्ध बाजूला 'बंद करणं' लिहा: दार, खिडकी, दुकान 'क्लोझ', पंखा, टीव्ही, नळ 'टर्न ऑफ'. 'क्लोझ द फॅन' म्हणू नका.

जिंकणं आणि हरवणं

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर काय झालं ते दोन वाक्यांत सांगून बघा. भारताने विश्वचषक जिंकला: 'इंडिया वन द वर्ल्ड कप.' भारताने श्रीलंकेला सहा गडी राखून हरवलं: 'इंडिया बीट श्रीलंका बाय सिक्स विकेट्स.' सामना, चषक, बक्षीस 'विन'. माणूस किंवा संघ 'बीट'. 'इंडिया वन श्रीलंका' म्हणजे श्रीलंका बक्षीस म्हणून मिळाली. 'बीट' चा भूतकाळही 'बीट' च.

मराठी 'हरवलं' मात्र दुहेरी आहे: संघाला हरवलं 'बीट', पाकीट हरवलं 'लॉस्ट'. चोरणं-लुटणं मराठीनेच वेगळं ठेवलं आहे: वस्तू 'स्टील', माणूस किंवा बँक 'रॉब'.

सराव कसा करायचा

आठवड्याला एकच पान घ्या. एका जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नका. ही माझी ठाम सूचना आहे. 'लेंड' आणि 'बॉरो' एकत्र शिकवले की ते डोक्यात एकमेकांना चिकटतात आणि पुढे कायम अदलाबदल होते. आधी तीन-चार दिवस फक्त 'बॉरो' वापरा, मग 'लेंड' आणा.

रोज वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं पान वाचा. पुढची दहा मिनिटं आज खरोखर घडलेल्या तीन गोष्टी त्या क्रियापदाने सांगा, मोठ्याने. खोट्या वाक्यांपेक्षा खरी वाक्यं जास्त टिकतात. शेवटची पाच मिनिटं शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात ती वाक्यं तपासा. असा कोश अर्थाबरोबर दोन गोष्टी देतो: क्रियापद सकर्मक की अकर्मक याची खूण, आणि पुढे कुठला शब्द जोडायचा ते दाखवणारी वाक्यं. आपल्याला मुख्यतः ती वाक्यं हवी आहेत. इंग्रजी-मराठी कोश फक्त अर्थ विसरला तर उघडा.

वहीत चूक खोडू नका. चुकीचं वाक्य तसंच ठेवा, खाली बरोबर लिहा आणि शेजारी मराठीतलं कारण लिहा: 'मला मुळे टु आला', 'आपोआप असून इंग लावलं'. महिन्याभराने पान उघडलं की आपली चूक कुठून येते ते दिसतं.

आता हे सोडवून पाहा. उत्तर झाकून ठेवा.

'मला तुझा आवाज येत नाही.' 'आय कान्ट हिअर यू.'

'बाळाकडे बघ, मी दोन मिनिटांत येते.' 'वॉच द बेबी. आय विल बी बॅक इन टू मिनिट्स.'

'सरांनी मला हे गणित समजावलं.' 'द टीचर एक्स्प्लेन्ड द सम टु मी.'

'नदीचं पाणी रात्रीत वाढलं.' 'द रिव्हर रोझ ओव्हरनाइट.'

'दुपारी जरा आडवी झाले.' 'आय ले डाउन फॉर अ व्हाइल इन द आफ्टरनून.'

'तिने निळा कुर्ता घातलाय.' 'शी इज वेअरिंग अ ब्लू कुर्ता.'

'मला उद्या आठवण करा.' 'प्लीज रिमाइंड मी टुमारो.'

'आई, येते गं मी!' 'बाय आई, आय ॲम ऑफ!'